रोमन शिलालेखांवरून लॅटिन शिकताय? मग या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

शिलालेख छोटे असतात, म्हणून सोपे असतील असं वाटतं आणि लोक पहिल्याच दिवशी डिक्शनरी घेऊन बसतात. गाडी तिथंच घसरते.

माझी घसरली ती रेगिनाच्या थडग्यावर. इंग्लंडात साउथ शील्ड्सच्या रोमन किल्ल्याजवळ सापडलेला दगड. खुर्चीत ऐटीत बसलेली बाई, एका बाजूला दागिन्यांची पेटी, दुसऱ्या बाजूला लोकरीच्या गुंड्यांची टोपली आणि खाली ठसठशीत 'रेगिना'. रेगिना म्हणजे राणी, झालं! पुढं कातुवेल्लाउनी टोळीचं नावपण दिसलं, म्हणलं त्यांचीच राणी असणार, दोन संध्याकाळी घालवून मस्त भाषांतर केलं आणि मधला 'लिबेर्ता' राणीला शोभेना म्हणून सरळ गाळून टाकला. खरी गोष्ट त्याच शब्दात होती राव. लिबेर्ता म्हणजे मुक्त केलेली दासी. रेगिना हे नुसतं नाव, आपल्याकडं नाही का गल्लोगल्ली राणी असतात. सीरियातल्या पाल्मिराहून आलेल्या बारातेसनं आपल्या दासीला मुक्त करून तिच्याशी लग्न केलं, ती तिशीत गेली, त्यानं दगड उभारला. लेखात क्रियापद नाहीच, ते मनातनं घ्यायचं. आणि 'बायकोला' अशी चतुर्थी हवी तिथं 'कोन्युगे' अशी भलतीच विभक्ती कोरलीय. म्हणजे दगडावर आहे ते शुद्धच असेल असंही धरू नका. खाली त्याच्या स्वतःच्या पाल्मिरी भाषेत एक ओळ आहे, शेवटी नुसतं 'हाय रे'.

तेव्हापासून मी आधी अख्खा लेख वहीत उतरवतो, पेन्सिलीनं शब्दांच्या शेपटांभोवती, म्हणजे विभक्तीच्या प्रत्ययांभोवती, गोल करतो, डिक्शनरी त्यानंतर. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना हे पटकन जमतं. थडग्यांवर सुरुवातीला डी एम असतं ना, ते 'दीस मानिबुस', म्हणजे मृतांच्या आत्म्यांना. त्यातला 'बुस' आपल्या 'देवेभ्यः'मधल्या 'भ्यः'चा सख्खा नातेवाईक.

दुसरी आवडती चूक, रोममधल्या पँथिऑन या देवळावरचं 'एम अग्रिप्पा एल एफ' वाचून एल एफ ही इनिशियल्स समजणं. एल म्हणजे ल्युकियस, एफ म्हणजे फिलियुस (मुलगा), मिळून ल्युकियसचा मुलगा. बापाचं नाव मधे घालणाऱ्या मराठी माणसानं तरी हे चुकू नये. आणि पुढं 'फेकित', म्हणजे 'बांधलं', असं लिहिलंय म्हणून आज दिसतं ते अग्रिप्पानं बांधलं असं ठोकून देऊ नका, आत्ताची इमारत नंतरच्या सम्राट हेड्रियनच्या काळातली आहे.

यू शोधू नका, व्ही हाच यू. नावात सुटा सी दिसला तर तो बहुतेक वेळा गायुस या नावाचा शॉर्टफॉर्म. छापील पाठात चौकोनी कंसातली अक्षरं दगडावर दिसत नाहीत, ती संपादकानं भरलेली असतात, त्यावर व्याकरणाचे इमले बांधू नका.

फोटो काढून ॲपला विचारणाऱ्यांना मी उत्तर देणं बंद केलंय. दहा ठरावीक शॉर्टफॉर्म पाठ करायला एक दुपार पुरते, पण तेवढाही दम नसतो. निदान एस टी टी एल तरी पाठ करा, 'सित तिबि तेर्रा लेविस', म्हणजे 'माती तुला हलकी होवो', थडग्यांवर सारखं भेटणार आहे.