ध्रुवीय क्रूझचं ठिकाण निवडताय? या चुका टाळा

पेंग्विन दक्षिणेला, ध्रुवीय अस्वलं उत्तरेला. एका सफरीत दोन्ही दिसणार नाहीत. तरीही अनेक जण आधी ठिकाण पक्कं करतात आणि मग तिथे काय दिसतं ते शोधत बसतात. आधी काय पाहायचंय ते ठरवा, मग ते कोणत्या महिन्यात दिसतं ते बघा. ठिकाण त्यातूनच ठरतं.

सगळ्यात महागात पडते ती महिन्याची चूक. अंटार्क्टिक द्वीपकल्पाचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरात बर्फ कोरा असतो, पेंग्विन घरट्यांसाठी खडे गोळा करत असतात. पिल्लं हवीत तर डिसेंबरअखेर किंवा जानेवारी. फेब्रुवारी-मार्च व्हेलचा काळ, पण तोवर पेंग्विनच्या वसाहतींत चिखल आणि विष्ठेचा राडा झालेला असतो. (वासाबद्दल माहितीपत्रकं मौन पाळतात.) अंटार्क्टिक वृत्त ओलांडायची हौसही तेव्हाच भागते, कारण त्याआधी समुद्रातला बर्फ वाट अडवतो. उत्तरेत जुलैमध्ये स्वालबार्डला (नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटांवर) जाऊन ध्रुवीय प्रकाशाची, म्हणजे रात्रीच्या आकाशातल्या रंगीत झोतांची, आस धरणं व्यर्थ. एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत तिथे सूर्य मावळतच नाही. त्यासाठी सप्टेंबरमध्ये पूर्व ग्रीनलंडची स्कोर्सबी साउंड ही खाडी गाठावी.

चित्रांतला एम्परर पेंग्विन नेहमीच्या द्वीपकल्प सफरीत क्वचितच दिसतो. तिथे भेटतात जेंटू, चिनस्ट्रॅप आणि अडेली. हजारो किंग पेंग्विन एकत्र पाहायचे तर दक्षिण अटलांटिकमधलं साउथ जॉर्जिया बेट. मात्र त्यासाठी सुमारे तीन आठवडे काढावे लागतात. माझ्या मते, सुट्टी जमत असेल तर तिथेच जावं.

स्वस्त म्हणून मोठं जहाज घेताना प्रवासीसंख्या विचारा. अंटार्क्टिकात ५०० हून अधिक प्रवाशांचं जहाज कोणालाच किनाऱ्यावर उतरवत नाही, आणि लहान जहाजांनाही एका वेळी १०० जणच उतरवता येतात. स्वालबार्डच्या संरक्षित भागांत २०२५ पासून २०० प्रवाशांची मर्यादा आहे. अस्वलापासूनही किमान ३०० मीटर लांब राहावं लागतं, मार्च ते जून ५०० मीटर. तेव्हा दुर्बीण घ्याच.

दिवस मोजताना ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधला खवळलेला समुद्र, विसरू नका. अर्जेंटिनातल्या उशुआया बंदराहून जाताना साधारण दोन दिवस, येताना तितकेच. दहा दिवसांच्या सफरीत प्रत्यक्ष अंटार्क्टिका जेमतेम निम्मे दिवस मिळतं. समुद्र लागत असेल तर चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर सुमारे दोन तासांत पोहोचता येतं, पण हवामान बिघडलं की विमान अडकतं. सफर संपते त्याच दिवसाचं परतीचं तिकीट काढू नका.