अल-सूफीच्या पद्धतीने आकाश कसे पाहावे

मध्ययुगीन इराणी खगोलविद म्हटले की काही नावे ठरलेली असतात. पृथ्वीची त्रिज्या मोजणारा अल-बिरुनी, १०७९ साली सौर दिनदर्शिका सुधारणाऱ्यांपैकी एक ओमर खय्याम, मराघ्याची वेधशाळा उभारणारा नसीर अल-दीन तुसी. ही यादी पाठ करून मोठेपण कळते, पण काम कळत नाही. काम समजून घ्यायचे तर ते थोडेसे स्वतः करून पाहावे लागते. त्यासाठी सगळ्यांत सोयीचा माणूस मला अब्द अल-रहमान अल-सूफी वाटतो. त्याची निरीक्षणे दुर्बिणीच्या कितीतरी आधीची, नुसत्या डोळ्यांची आहेत. कोणतेही यंत्र न घेता तुम्हीही ती करू शकता.

अल-सूफीचा जन्म ९०३ साली आजच्या तेहरानजवळच्या रे शहरात झाला. पुढे तो बुवैही घराण्यातला अमीर अझुद अल-दौला याच्या पदरी होता. ९६४च्या सुमारास त्याने तारकासमूहांवरचा आपला ग्रंथ अरबीत लिहिला आणि या अमिराला अर्पण केला. दुसऱ्या शतकातला ग्रीक खगोलविद टॉलेमी याची ताऱ्यांची यादी तेव्हा आठशे वर्षांची जुनी होती, आणि बरेच जण ती तशीच उतरवून घेत. अल-सूफीने मात्र प्रत्येक तारा आकाशात पुन्हा शोधला आणि तो किती तेजस्वी दिसतो हे आपल्या डोळ्यांनी ठरवले.

रात्र आणि जागा निवडा

पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हा उद्योग करा. चंद्र नको, म्हणून अमावास्येच्या आसपासचे दिवस घ्या. आश्विन अमावास्येला लक्ष्मीपूजन असते, फटाक्यांच्या धुराने आकाश गढूळ होते. त्यानंतरची कार्तिक अमावास्या जास्त चांगली. शहराच्या दिव्यांपासून दूर जा. गावाकडचे शेत किंवा घाटमाथ्यावरचे मोकळे पठार उत्तम.

पोहोचल्यावर निदान अर्धा तास मोबाइल खिशात ठेवा, कारण अंधाराला सरावायला डोळ्यांना तेवढा वेळ लागतो. वहीत लिहिताना लाल जिलेटीन गुंडाळलेली विजेरी वापरा. पांढरा उजेड एकदा डोळ्यांत गेला की सगळा सराव पुन्हा पहिल्यापासून.

'छोटा ढग' शोधा

देवयानी तारकासमूहाजवळ एक ढगासारखा डाग असल्याची नोंद अल-सूफीच्या ग्रंथात आहे. देवयानी दीर्घिकेची (दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह, गॅलेक्सी) आज उपलब्ध असलेली ही सर्वांत जुनी लेखी नोंद. टॉलेमीच्या यादीत हा डाग नाही.

नोव्हेंबरच्या मध्यात रात्री आठच्या सुमारास डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. पश्चिमेकडचे दोन तारे पूर्वाभाद्रपदा नक्षत्राचे, पूर्वेकडचे दोन उत्तराभाद्रपदाचे. ईशान्येच्या कोपऱ्यातला तारा अल्फेराट्झ. त्याच्यापासून ईशान्येकडे, चौकोनाच्या एका बाजूइतक्या अंतरावर, तेवढाच तेजस्वी तारा आहे: मिराख. इथे थांबा आणि शर्मिष्ठेच्या दिशेने, म्हणजे उत्तरेकडे वळा. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर ती सुमारे १० अंश झाकते. मिराखपासून एका मुठीपेक्षा कमी अंतरात आधी एक मंद तारा लागतो, मग त्याहून मंद दुसरा. या दुसऱ्या ताऱ्याच्या पश्चिमेला, अगदी खेटून, पिंजलेल्या कापसाच्या पुंजक्यासारखा धूसर लांबट डाग दिसतो.

दिसला नाही तर त्याच्याकडे थेट पाहू नका. नजर किंचित बाजूला, शेजारच्या ताऱ्यावर ठेवा. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागी नसून कडेला जास्त असतात, त्यामुळे तिरक्या नजरेला तो लवकर सापडतो. दहाच्या सुमारास तो सर्वांत उंच येतो, तेव्हा पुन्हा प्रयत्न करा. महाराष्ट्रातून तो डोक्यापासून थोडा उत्तरेकडे असतो. अल-सूफी जिथे काम करत असे ते इराणमधले इस्फहान आणखी उत्तरेला असल्यामुळे त्याच्या काळी तिथून तो जवळजवळ थेट माथ्यावरून जाई. इतक्या उंचीवर हवेचा थर सर्वांत पातळ असतो, आणि तिथल्या कोरड्या हवेत असा डाग पाहणे सोपे गेले असणार.

हा डाग सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे हे एडविन हबलने १९२०च्या दशकात सिद्ध केले. अल-सूफीला यातले काहीच माहीत असण्याची शक्यता नव्हती. जे जसे दिसले तसे त्याने नोंदले, आणि म्हणूनच ती नोंद आजही उपयोगी पडते.

तेजस्वितेची प्रत ठरवा

अल-सूफीचे खरे मोठे काम हे आहे. टॉलेमीने ताऱ्यांच्या सहा प्रती मानल्या होत्या: पहिली सर्वांत तेजस्वी, सहावी जेमतेम दिसणारी. अल-सूफीने त्याच सहा प्रती ठेवून 'तिसरीपेक्षा थोडा कमी', 'चौथीतला मोठा' अशा बारीक पायऱ्या वापरल्या.

त्याच चौकोनावर हे करून पाहा. चारही तारे तेजस्वितेच्या क्रमाने वहीत मांडा. एका वेळी दोनच ताऱ्यांची तुलना करा, नजर एकावरून दुसऱ्यावर पटकन न्या आणि पुस्तकातला आकडा आधी बघू नका. अल्फेराट्झ पहिला येईल आणि आग्नेय कोपऱ्यातला अल्जेनिब शेवटचा. मधल्या दोघांत, म्हणजे वायव्येचा शीट आणि नैर्ऋत्येचा मर्काब यांत, तुम्ही अडाल. शीट हा रूपविकारी तारा आहे, त्याची प्रत सुमारे २.३ ते २.७ अशी बदलते. मर्काबची प्रत २.५ आहे. त्यामुळे एका महिन्यात लावलेला क्रम काही महिन्यांनी उलटा लागू शकतो. दोन्ही वेळा तारखेसह लिहून ठेवा आणि जुनी नोंद खोडू नका.

आकृती दोनदा काढा

अल-सूफीच्या ग्रंथात प्रत्येक तारकासमूह दोनदा काढलेला आहे: एकदा आकाशात दिसतो तसा, एकदा खगोलावर, म्हणजे ताऱ्यांचा गोल बाहेरून पाहिल्यावर दिसेल तसा. या दोन आकृत्यांत डावे-उजवे उलटते. अल-बिरुनीने नोंदवले आहे की अल-सूफीने खगोलावर अतिशय पातळ कागद बसवून त्यावरून आकृत्या उतरवून घेतल्या होत्या. तुम्ही देवयानी आणि चौकोन ट्रेसिंग पेपरवर काढा, मग कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरा. हीच दुसरी आकृती.

जागा किती सरकल्या ते तपासा

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ताऱ्यांच्या जागा अल-सूफीने नव्याने मोजल्या नाहीत. टॉलेमीच्या रेखांशांत त्याने १२ अंश ४२ कला मिळवल्या, कारण संपातबिंदू, म्हणजे रेखांश जिथून मोजतात तो आकाशातला बिंदू, हळूहळू सरकतो. टॉलेमी हा वेग शंभर वर्षांत एक अंश मानत होता, अल-सूफीने ६६ वर्षांत एक अंश धरला. आजचा आकडा सुमारे ७२ वर्षांचा. यावरून हिशेब करा: ९६४पासून आजपर्यंत तारे पावणेपंधरा अंशांच्या आसपास सरकले, म्हणजे जवळपास दीड मूठ. स्टेलॅरियम हे मोफत सॉफ्टवेअर उघडून ठिकाण इस्फहान आणि साल ९६४ घातले की हा फरक पडद्यावर दिसतो.

आणखी दोन लक्ष्ये

नोव्हेंबरात अंधार पडल्यावर पश्चिमेला श्रवण आणि अभिजित हे दोन तेजस्वी तारे शोधा. श्रवणापासून अभिजितकडे जाताना एक-तृतीयांशाहून थोडे पुढे गेलात की एक पुसट ठिपका लागतो. ही नोंदही अल-सूफीचीच, आणि या पुंजाला त्याचे नावही दिले जाते. साध्या द्विनेत्रीतून सहा तारे सरळ रेषेत आणि चार तारे आकड्यासारखे वळलेले दिसतील.

दुसरे लक्ष्य मार्चमध्ये, रात्री नऊच्या सुमारास, दक्षिण क्षितिजाजवळ. अगस्त्यापासून डावीकडे दोन मुठींवर डेल्टा व्हेलोरम हा तारा आहे, आणि त्याच्या थोडे वर अल-सूफीने नोंदवलेला आणखी एक धूसर 'तारा', म्हणजे प्रत्यक्षात ताऱ्यांचा खुला पुंज. तो क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर येतो, म्हणून दक्षिणेला डोंगर किंवा गावाचे दिवे नसतील अशी जागा आधी दिवसा जाऊन पाहून ठेवा.