छोट्या सोन्या-चांदीच्या डिपॉझिटचा रिपोर्ट कसा वाचायचा: आधी इतिहास, मग ग्रेड

बडोद्यात जिऑलॉजी करणारी पोरं असोत नाहीतर शेअरबाजारात पैसे टाकणारी आपली मंडळी, एखाद्या छोट्या एक्सप्लोरेशन कंपनीचा डिपॉझिटवरचा, म्हणजे जमिनीतल्या धातूच्या साठ्यावरचा, रिपोर्ट हातात पडला की सगळे आधी ग्रेडचं, म्हणजे टनाला किती ग्रॅम धातू याचं, टेबल उघडतात, अमुक होलमध्ये (ड्रिलने मारलेल्या भोकात) अमुक मीटरला अमुक ग्रॅम, आणि मग तेच आकडे डोक्यात घोळवत बाकीची पानं वरवर चाळतात. माझं म्हणणं, हे उलटं करा. कॅनडाच्या ४३-१०१ नियमाप्रमाणे (खनिजाचे रिपोर्ट कसे लिहायचे याचा नियम) लिहिलेला रिपोर्ट असेल तर ६ वं प्रकरण इतिहासाचं असतं, ७ वं जिऑलॉजीचं, १० वं ड्रिलिंगचं, १२ वं डेटा तपासणीचं, १३ वं मेटलर्जीचं म्हणजे दगडातून धातू कसा निघतो याचं आणि १४ वं रिसोर्सचं म्हणजे एकूण माल किती या अंदाजाचं. ६ पासून सुरू करा आणि १४ ला सगळ्यात शेवटी जा.

कारण साधं आहे. छोटं डिपॉझिट फार क्वचित नवं असतं. तिथे आधी कुणीतरी येऊन, खणून, निघून गेलेलं असतं. कधी जुन्या काळातले लोक, मग एखादी ब्रिटिश कंपनी, मग सरकारी सर्व्हे, मग दोन-तीन प्रायव्हेट कंपन्या. एक कोरा कागद घ्या आणि चार रकाने आखा: वर्ष, कोण आलं, काय काम केलं, का गेलं. पहिले तीन रकाने रिपोर्टमधून भरता येतात. चौथा बहुतेक रिपोर्टमध्ये नसतो, आणि खरी माहिती त्याच रकान्यात असते.

चौथा रकाना भरायला सोन्याच्या भावाची थोडी उजळणी लागते. १९३४ मध्ये अमेरिकेने भाव औंसाला ३५ डॉलर ठरवला आणि १९७१ पर्यंत तो जवळपास तिथेच बांधलेला राहिला. जानेवारी १९८० मध्ये तो ८५० पर्यंत गेला, १९९९ मध्ये २५० च्या आसपास आपटला, सप्टेंबर २०११ मध्ये १९०० ला पोचला. आता विचार करा, कुणी १९९९ मध्ये प्रोजेक्ट सोडला असेल तर दोष दगडाचा नसेलही, त्या भावात चांगल्या चांगल्या खाणींना परवडत नव्हतं. पण २०११ च्या तेजीत ड्रिलिंग करून, भाव डोक्यावर असताना जर कुणी गाशा गुंडाळला असेल तर तिथे थांबा आणि विचारा की यांना जमिनीत काय दिसलं, किंवा काय दिसलं नाही. जमिनीची लीज, पाणी, जंगल, गावाचा विरोध, ही पण कारणं असतात, तीही त्याच रकान्यात लिहा.

आपल्याकडचीच दोन उदाहरणं घ्या. निलगिरीत देवाला-पंडलूरकडचं वायनाडचं सोनं. १८७९-८० च्या सुमारास ब्रॉ स्मिथ यांनी सरकारसाठी तिथल्या क्वार्ट्झ रीफांवर, म्हणजे खडकाच्या भेगांत भरलेल्या गारेच्या शिरांवर, उत्साह वाढवणारा रिपोर्ट दिला, लंडनमध्ये धडाधड कंपन्या निघाल्या, जहाजाने मशिनरी आली, आणि काही वर्षांत सगळा फुगा फुटला. वरच्या झिजलेल्या भागात मोकळं सोनं दिसतं, हाताने वेचलेले नमुने छान ग्रेड देतात, पण टनावारी दगड मिलमध्ये गेला की हातात फार थोडं येतं. दुसरं उदाहरण कोलार. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथेही पैसे संपत आले होते, पण जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश खाण कंपनीच्या लोकांनी जुन्या खाणकामाच्या खुणा होत्या तिथेच जवळ शाफ्ट म्हणजे खाणीची उभी विहीर खाली नेली आणि चॅम्पियन रीफ लागला, मग ते खाणकाम २००१ पर्यंत चाललं आणि ३ किलोमीटरच्याही खाली गेलं. म्हणजे जुनं कुणी सोडून गेलं याचा अर्थ एकच नसतो, वायनाडला माल नव्हता आणि कोलारला आधीच्यांनी नेमक्या जागी खोल पाहिलंच नव्हतं. तुमच्या कागदावरचं डिपॉझिट या दोनपैकी कुठल्या बाजूचं, हे शोधायला जिऑलॉजीचं प्रकरण.

तिथे पहिला प्रश्न, डिपॉझिट कुठल्या जातीचं? कोलार, हट्टी ही कर्नाटकातली डिपॉझिटं अडीच अब्ज वर्षांहून जुन्या खडकांतली, खोलवर तयार झालेली, सोनं मुख्य आणि चांदी नावापुरती. पण रिपोर्टमध्ये सोन्याच्या दहा-वीस पट किंवा त्याहून जास्त चांदी दिसत असेल आणि आजूबाजूला ज्वालामुखी खडक असतील तर बहुधा एपिथर्मल प्रकार असतो. हा जमिनीखाली साधारण दीड किलोमीटरच्या आत, १५० ते ३०० अंशांच्या गरम पाण्यातून बनतो. त्या पाण्यात सोनं गंधकाशी बांधून विरघळलेलं असतं. पाणी वर येता येता दाब कमी होतो, ते उकळायला लागतं, हायड्रोजन सल्फाइड वायू निघून जातो आणि सोन्याला धरून ठेवणारं काही उरत नाही, ते तिथेच पडतं. म्हणून रिपोर्टमध्ये उकळण्याच्या खुणा शोधायच्या: अॅड्युलारिया नावाचा फेल्डस्पार, आणि पात्यांच्या आकाराचा कॅल्साइट, ज्याची जागा नंतर क्वार्ट्झने घेतलेली असते. कोअरच्या, म्हणजे ड्रिलने बाहेर काढलेल्या दगडी दांड्याच्या, फोटोत हे डोळ्यांनी दिसतं. रतनपूरचा किंवा खंभातमध्ये घासलेला अकीक हातात घेतला असेल तर ते पट्टे आठवा, एपिथर्मल शीर तशीच थरावर थर चढलेली दिसते, फक्त काही थर काळपट असतात आणि त्या काळ्या बारीक रेघांमध्येच चांदीचं सल्फाइड आणि इलेक्ट्रम म्हणजे सोन्या-चांदीचा नैसर्गिक मिश्रधातू बसलेला असतो. फोटो झूम करून त्या रेघा नक्की बघा.

(पट्टे दिसले म्हणून पावागडला हातोडा घेऊन जाऊ नका, तिथे बेसाल्ट आहे, वर रायोलाइट आहे, बघायला फार सुंदर आहे, पण ज्वालामुखी खडक आणि चॅल्सेडनी (अकीक ज्याचा बनतो तो सिलिका) असणं वेगळं आणि सोनं आणणारी गरम पाण्याची सिस्टिम असणं वेगळं.)

या प्रकारात एक गोष्ट कळली की अर्धा रिपोर्ट उलगडतो: उकळण्याचा पट्टा उभ्यात मर्यादित असतो, बऱ्याचदा काहीशे मीटर. आता वरची जमीन किती झिजली यावर सगळं आलं. वर अजून सिंटर म्हणजे गरम झऱ्याचा सिलिकाचा थर शिल्लक असेल तर माल खाली असू शकतो. जपानचं हिशिकारी तसंच, पृष्ठभागावर खास काही नाही आणि १९८१ च्या पहिल्याच होलमध्ये १५ सेंटिमीटरला टनाला २९० ग्रॅम सोनं लागलं. उलट पृष्ठभागावर शिरेत नुसती शिसं-जस्ताची सल्फाइडं जास्त दिसत असतील तर आपण कदाचित सिस्टिमच्या तळाशी उभे आहोत आणि वरचा माल नदीने कधीच नेला. कंपनी जेव्हा 'खोलीत अजून ओपन आहे', म्हणजे माल कुठे संपतो ते अजून कळलेलं नाही, असं लिहिते तेव्हा हा प्रश्न विचारायचा, ओपन आहे ते कुठल्या दिशेला?

मग ड्रिलिंग. इथे गणित करायचं, कंटाळा करायचा नाही. समजा छापलंय: १२ मीटरला ३.१ ग्रॅम, त्यात अर्ध्या मीटरला ६८ ग्रॅम. १२ गुणिले ३.१ म्हणजे ३७.२. अर्धा गुणिले ६८ म्हणजे ३४. उरले ३.२, ते साडेअकरा मीटरवर पसरा, ०.२८ ग्रॅम. म्हणजे १२ मीटरचा पट्टा नाहीये, अर्ध्या मीटरची एक शीर आहे आणि बाजूला जवळजवळ रिकामा दगड. दुसरं, होल शिरेला कुठल्या कोनात भेटलं ते बघा. ३० अंशात तिरकं गेलं असेल तर ६ मीटरच्या लांबीत खरी जाडी ३ मीटरच. सेक्शन (उभ्या कापाचं चित्र) दिलेला नसेल तर होलचा अझिमथ (दिशा), डिप (उताराचा कोन) आणि शिरेचा डिप घेऊन स्वतः काढा, कंपास बॉक्स आणि ग्राफ पेपर पुरतो.

ॲसे, म्हणजे नमुन्यात धातू किती याची मोजणी, कसे केलेत हे पण वाचा. फायर ॲसे म्हणजे ३० किंवा ५० ग्रॅम पावडर शिशाच्या ऑक्साइडबरोबर वितळवायची, शिसं सोनं-चांदी गोळा करतं, मग कपेल नावाच्या सच्छिद्र वाटीत शिसं शोषलं जातं, मागे छोटा मणी उरतो, नायट्रिक ॲसिडने चांदी काढली की सोनं तोलायचं. मांडवीतल्या सोनाराकडून दागिना हॉलमार्किंगला जातो तिथे कस काढायची पद्धत याच घराण्यातली आहे. फरक एवढाच की दागिन्यात सोनं सगळीकडे सारखं असतं आणि दगडात नसतं. ०.२ मिलिमीटरचा शुद्ध सोन्याचा एकच गोल दाणा त्या ५० ग्रॅममध्ये आला तर रिझल्ट टनाला सुमारे १.६ ग्रॅमने वर जातो. म्हणून डुप्लिकेट (तोच नमुना पुन्हा), ब्लँक (सोनं नसलेला) आणि स्टँडर्ड (ग्रेड आधीच माहीत असलेला) सॅम्पल किती टाकले आणि त्यांचे ग्राफ कसे आले हे न बघता ग्रेडवर बोलू नये. इंडोनेशियात बुसांगला ब्रे-एक्सने तर नमुन्यांत बाहेरचं सोनं मिसळलं होतं, कोअर अर्धा जपून न ठेवता सगळा भरडला होता, आणि १९९७ मध्ये दुसऱ्या कंपनीने बाजूलाच स्वतंत्र होल मारले तेव्हा काहीच निघालं नाही. २००१ चा ४३-१०१ नियम त्याच प्रकरणातून आला.

आता टन. रिसोर्सचं टेबल उघडण्याआधी स्वतःचा अंदाज काढा. शीर १.२ मीटर जाड, २०० मीटर लांब, १५० मीटर खोल, म्हणजे ३६,००० घनमीटर, घनता २.६ धरली तर ९३,६०० टन. ६ ग्रॅमने सुमारे ५६२ किलो सोनं, त्याचे ग्रॅम करून ३१.१ ने (एका औंसातले ग्रॅम) भागलं की साधारण १८,००० औंस. कंपनीचा आकडा याच्या पाचपट असेल तर तो कुठून आला हे शोधा, बहुतेक वेळा तो इन्फर्ड प्रकारात असतो, म्हणजे दूरदूरच्या होलांमधली जागा अंदाजाने भरलेली. जुन्या काळचा 'हिस्टॉरिकल एस्टिमेट' असेल तर तो आजच्या रिसोर्समध्ये मिळवायचा नाही, कुणी मिळवला असेल तर वजा करा.

चांदीचा एक खेळ असतो, 'गोल्ड इक्विव्हॅलंट', म्हणजे चांदी सोन्याच्या हिशोबात मोजायची. टनाला ५० ग्रॅम चांदी, सोनं चांदीच्या समजा ८० पट महाग, म्हणजे ०.६ ग्रॅम सोन्याइतकी. पण चांदी सल्फाइडमध्ये असेल तर धातू काढायला वापरतात त्या सायनाइडमध्ये सोन्यापेक्षा हळू विरघळते, मँगनीज बरोबर असेल तर आणखी त्रास. रिकव्हरी (प्रत्यक्ष हाती येणारा वाटा) ६० टक्के निघाली तर ते ०.४ च्याही खाली. १३ वं प्रकरण नसेल किंवा दोन पानांचं असेल तर इक्विव्हॅलंटचा कॉलम पेन्सिलने खोडा आणि सोनं-चांदी वेगवेगळी वाचा.

सरावासाठी परदेशी रिपोर्टच हवेत असं नाही. जिऑलॉजिकल सर्व्हेच्या भूकोश पोर्टलवर नकाशे आणि रिपोर्ट मिळतात, आणि आपल्याकडे कामाचे टप्पे जी-४ पासून जी-१ पर्यंत असतात, जी-४ म्हणजे नुसती प्राथमिक पाहणी, जी-१ म्हणजे तपशीलवार. त्यामुळे बातमीत टनांचा आकडा आला की आधी टप्पा कुठला ते बघा. बडोद्यापासून जवळचं म्हणजे राजस्थानातल्या बांसवाड्याचं भुकिया-जगपुरा, ते एपिथर्मल नाही, अरवलीच्या जुन्या खडकांतलं आहे, पण वर्षांचा तक्ता मांडायला चांगलं.

हे सगळं झाल्यावरही कंपनीला मेल टाकावासा वाटला तर तीनच गोष्टी मागा: सगळ्यात भारी इंटरव्हलचे कोअरचे फोटो, ते होल शिरेला कुठल्या कोनात भेटलं, आणि उरलेला अर्धा कोअर कुठे ठेवलाय.