चाफ्याच्या छाटणीआधीची तयारी

आमच्या अंगणातला पांढरा चाफा आता गच्चीच्या कठड्यावर टेकलाय, एक फांदी पार विजेच्या वायरपर्यंत गेलीय, त्यामुळे यंदा छाटायचाच असं ठरलंय. तयारीत काय काय लागतं ते लिहून ठेवतोय, कोणाच्या दारात चाफा असेल तर उपयोगी पडेल.

आधी दिवस ठरवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळून नुसती शिंगं उभी असल्यासारखा दिसतो ना, तेव्हाच, नवी पालवी यायच्या आत. आम्ही एकदा ऐन जुलैत छाटला होता, कापलेल्या तोंडातून पाणी आत गेलं आणि चांगली मनगटाएवढी फांदी बोट रुतेल इतकी मऊ पडून सडली, तेव्हापासून पावसाळ्यात कोणी करवत हातात घेतली की मीच ओरडतो.

झाड आपल्या आवारातलं असलं तरी शहरात १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, तेव्हा मोठ्या फांद्या पाडायच्या असतील तर महापालिकेच्या उद्यान विभागात आधी विचारा. वायरजवळच्या फांदीला हात लावायचा नाही, वायरमनला बोलवायचं, लाइन बंद झाल्याशिवाय काही नाही. आणि एकदा घरटी बघून घ्या, बुलबुल-शिंजीर असतील तर पिल्लं उडेपर्यंत थांबायचं.

आता खरं काम, खुणा करणं. याला एक अख्खी संध्याकाळ द्या. खालून बघा, गच्चीवरून बघा, वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्यांना लाल चिंधी बांधा, मग चहा पिऊन परत बघा आणि निम्म्या चिंध्या सोडवून टाका. कारण चाफ्याला फूल फांदीच्या टोकाला येतं, टोक उडवलं की तिथून दोन-तीन नवे फुटवे येतात खरे पण त्या सीझनला त्या फांदीवर फुलं बहुतेक नाहीतच. म्हणून एका वर्षी पाव भागापेक्षा जास्त नको, उरलेलं पुढच्या वर्षी. सगळे शेंडे एका उंचीवर उडवून झाडाचा झाडू करणारे लोक असतात, त्यांना गेटच्या आत घेऊ नका.

सामान जास्त नाही: बारक्या फांद्यांना सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री, जाड फांद्यांना बारीक दात्यांची करवत, काथ्याची दोरी, हत्यारं पुसायला स्पिरिट, जुना चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा टाकाऊ शर्ट. टेकवायची शिडी नको, घोडा म्हणजे आपल्याच पायांवर उभी राहणारी शिडी आणा, कारण चाफ्याचं लाकूड ठिसूळ, टेकवलेल्या शिडीसकट फांदी खाली येते, झाडावर चढणं तर विसराच. चीक डोळ्यात गेला तर आग होते, म्हणून चष्मा, आणि फणस चिरताना लावतो तसं हाताला आणि करवतीला खोबरेल तेल. जाड फांदी आधी खालून थोडी कापायची, मग जरा पुढे सरकून वरून, नाहीतर ती पडताना खोडाची साल सोलून नेते. उरलेला खुंट शेवटी काढायचा, बुडाशी जी फुगीर कड असते ती सोडून.

कापल्या जागी बुरशी लागू नये म्हणून लावायची बोर्डो पेस्ट आदल्या दिवशी नको, त्याच सकाळी करा: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम चुना, अर्ध्या अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे, प्लास्टिकच्याच बादलीत, मग एकत्र. त्यात घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा, लालसर तांबं चढलं तर अजून चुना घाला.

आणि सावलीत बारदान अंथरून ठेवा. हातभर लांबीचे तुकडे त्यावर आठ-दहा दिवस पडू द्या, तोंडाचा चीक सुकला की कुंडीत लावता येतात. शेजारच्या काकूंनी चार आधीच सांगून ठेवलेत, त्यांना लाल चाफा हवाय, हा पांढरा आहे हे दोनदा सांगून झालंय.