इझव ती बॅटरी, आधी ऐक : सर्व्हायव्हल हॉरर गेम लिहू पाहणाऱ्यांसाठी

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी शेतीची लाईन पाळीनं येते. कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की अण्णा गव्हाला पाणी द्यायला जायचे आणि बॅटरी धरायला मला सोबत न्यायचे. तेव्हा मी आठवी-नववीत असेन. सेल लवकर उतरायचे, म्हणून बॅटरी गरजेपुरतीच लावायची असा नियम होता. एकदा शेजारच्या तुरीत काहीतरी सळसळलं. मी घाबरून झोत तिकडं मारला. अण्णा हळूच म्हणाले, "इझव ती. उजेड पाडलास तर त्येला आपण दिसतो. आधी ऐक." आम्ही पाण्याचं दारं तसंच वाहतं सोडून बांधावर उभे राहिलो. बऱ्याच वेळानं रानडुक्कर निघून गेलं.

पुढं संभाजीनगरला हॉस्टेलवर मैत्रिणीच्या लॅपटॉपवर ‘अ‍ॅम्नेशिया : द डार्क डिसेंट’ खेळले. २०१० चा गेम. हातात शस्त्र नाही, कंदिलात तेल मोजकं, अंधारात फार वेळ थांबलं की नायकाचं डोकं फिरायला लागतं आणि उजेडात गेलं की राक्षसाला तो दिसतो. मैत्रीण किंचाळत होती आणि मी तिला सांगत होते, कंदील बंद कर, ऐक. गेमसाठी लिहिणं हे आपलं काम असू शकतं, हे त्या रात्री पहिल्यांदा वाटलं.

आता सात वर्षं मी पुण्यात हेच काम करते. आधी टेस्टिंग, मग वस्तूंची वर्णनं, मग संवाद आणि कथा. लातूर, नांदेड, बीडकडची मुलं-मुली मला विचारतात की हॉरर गेम लिहायला सुरुवात कुठून करायची. त्यांचे नमुने मी वाचते. त्यातल्या बहुतेकांत बर्फात उभी असलेली एक हवेली असते, झुंबर असतं, शेकोटी असते आणि नायकाचं नाव जॅक असतं. मीही हेच केलं होतं. माझ्या पहिल्या नमुन्यावर एका वरिष्ठ लेखिकेनं फक्त एवढंच लिहिलं होतं : "या घराला इतकी कुलपं का आहेत?" मला उत्तर देता आलं नव्हतं.

त्या प्रश्नातच या कामाचं मर्म आहे. सर्व्हायव्हल हॉररमध्ये, म्हणजे तुटपुंज्या साधनांवर जीव वाचवायच्या भयगेममध्ये, ठरलेले ट्रोप, म्हणजे पुन्हापुन्हा येणारे साचे आहेत : कुलूपबंद वाडा, ओसाड गाव, सापडलेली डायरी, मोजक्या गोळ्या, पाठ न सोडणारा शत्रू, आठवण गेलेला नायक. हे उगीच आलेले नाहीत. प्रत्येकाच्या मागं काहीतरी अडचण होती आणि ट्रोप हा त्या अडचणीवरचा तोडगा. ‘रेसिडेंट ईव्हल’ १९९६ साली प्लेस्टेशनवर आला. त्यात दार उघडताना पडदा काळा होतो आणि दार संथपणे कुरकुरत उघडतं. तेवढ्या वेळात मशीन सीडीवरून पुढची खोली वाचून घेत असे. पण खेळणाऱ्याला वाटायचं, पलीकडं काय असेल? १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मधलं धुकंही असंच. त्या मशीनला लांबचं दृश्य रंगवणं झेपत नव्हतं, म्हणून गावावर धुकं पांघरलं. मग धुक्यात शत्रू दिसणार कसा? तर नायकाच्या खिशात एक रेडिओ आहे, शत्रू जवळ आला की तो खरखरतो. धुकं आणि रेडिओ ही जोडी अशी जमली, की आता त्या खरखरीशिवाय तो गेम आठवतच नाही.

म्हणून नव्या लेखकानं आधी विचारावं, हा ट्रोप इथं कोणतं काम करतो? काम कळलं की तेच काम करणारी आपल्याकडची गोष्ट शोधता येते.

कुलपांचंच घ्या. कुलूप खेळणाऱ्याला एकाच वास्तूत पुन्हापुन्हा फिरवतं. जी खोली आधी भीतीची होती ती पाठ होते, मग तिथंच काहीतरी बदलतं आणि पाठ झालेल्या जागेची भीती दुप्पट होते. यासाठी इंग्रजी हवेलीच कशाला? आमच्या गावात माळवदाचा एक मोठा वाडा आहे. तीन भावांत वाटणी झाली तेव्हा मधल्या चौकात भिंत घातली, एक दार विटांनी बुजवलं, देवघर सामाईक ठेवलं. एका भावाच्या वाटणीला आलेल्या खोल्यांना कुलूप आहे आणि किल्ली त्याच्यासोबत पुण्याला. बळद, म्हणजे धान्याचं कोठार, एकाकडं, बळदाचं तोंड दुसऱ्याच्या खोलीत. त्या वाड्यातलं प्रत्येक कुलूप सांगतं की कोणाचा कोणावर विश्वास उरला नव्हता. असा नकाशा काढला की कोडी आणि कथा वेगळी लिहावीच लागत नाहीत.

फ्यूज शोधायचं कोडं तर इतक्या गेममध्ये आहे की परदेशी खेळाडू त्याला कंटाळलेत. पण आपल्याकडं रात्री डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर, फ्यूज टाकायला जाणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही. त्यात माणसं गेलेली आहेत. तो प्रसंग त्या गांभीर्यानं लिहिलात तर जुनंच कोडं पुन्हा जिवंत होईल.

आणि एकदा देवगिरीच्या किल्ल्यावर जाच, दौलताबादला. खंदक ओलांडल्यावर डोंगराच्या पोटातून जाणारी ‘अंधारी’ आहे. वळणावळणाचा काळोखा रस्ता, उंची एकसारखी नसलेल्या पायऱ्या, डोक्यावर वटवाघळं. वरच्या तोंडाशी आग पेटवून आतल्या शत्रूला धुरानं कोंडायची सोय होती. मी तिथं वही घेऊन तीनदा गेले आहे. मशाल घेतलेल्या वाटाड्यानं एकदा ती काही क्षण आडोशाला धरली, तेव्हा आमच्या घोळक्यातली सगळी माणसं एकदम गप्प झाली आणि प्रत्येकानं भिंतीला हात लावला. तो हात मी टिपून ठेवला. पुढं एका गेममध्ये अंधारात नायिका आपोआप भिंतीला हात लावते, अशी हालचाल आम्ही घातली. लेव्हल डिझाइनचं, म्हणजे गेममधल्या जागांच्या आखणीचं, पुस्तक त्यानंतर वाचलं तरी चालेल.

आता सापडलेल्या कागदांबद्दल. नव्या लेखकाला पहिलं काम बहुधा हेच मिळतं, म्हणून जरा थांबून सांगते. ‘रेसिडेंट ईव्हल’मध्ये प्राण्यांची देखभाल करणाऱ्या एका माणसाची डायरी आहे. सुरुवात पत्त्यांच्या डावापासून होते, पुढं अंगाला खाज, वाक्यं तुटत जातात आणि शेवटची नोंद दोन शब्दांची : खाज, चवदार. राक्षस दिसत नाही, माणूस राक्षस होताना भाषा मोडते तेवढी दिसते. अशा कागदाचं काम माहिती देणं इतकंच नसतं. मेलेल्या माणसाला काही क्षण जिवंत करायचं असतं.

माझा पहिला मसुदा असा होता : "आज तिसरा दिवस. बाहेरून विचित्र आवाज येत आहेत. मला खूप भीती वाटते आहे. ते येत आहेत." यात माणूसच नाही. मरायला टेकलेला कोणी ‘विचित्र आवाज’ असं लिहीत बसत नाही. मग मी विचार केला, आमच्या गावात रोज काहीतरी लिहून ठेवणारा माणूस कोण? ग्रामपंचायतीचं पाणी सोडणारा. त्याची नोंदवही घेतली :

सोमवार. मोटर ५ ला चालू, ८ ला बंद. टाकी भरली नाही.
मंगळवार. मोटर ५ ला चालू, ११ ला बंद. टाकी भरली नाही. गळती कुठं सापडेना.
बुधवार. म्हादूला टाकीत उतरवलं. वर आला नाही. हाका मारल्या.
गुरुवार. लाईन नव्हती. टाकी भरलेली.
शुक्रवार. म्हादूच्या घरी गेलो. बायको म्हणली, रात्रीच आला, तवापासून पाणीच पिऊ लागलाय.

भीती हा शब्द यात कुठंच नाही. वेळा आणि आकडे आहेत, कारण त्या माणसाची सवयच तशी. अशी एक नोंद लिहायला मला चार दिवस लागले. साठ-सत्तर शब्दांच्या वर जाऊ नका. गेम खेळणारा माणूस कागद उभ्या उभ्या वाचतो, मागं काहीतरी येतंय ही धास्ती त्याला असतेच.

मोजक्या गोळ्या आणि भरलेल्या पिशव्या हे डिझाइनरचं काम वाटेल, पण ते लिखाणही आहे. पहिल्या ‘रेसिडेंट ईव्हल’मध्ये क्रिस आणि जिल या दोन नायकांपैकी क्रिसजवळ सामानाच्या सहा जागा आणि जिलजवळ आठ. गेम सेव्ह करायचा तर टाइपरायटरची शाईची फीत लागते आणि त्या फितीही मोजक्या. म्हणजे खेळणारा सतत ठरवत असतो, काय घ्यायचं आणि काय टाकायचं. नायक कोण आहे हे संवादापेक्षा या निवडींतून जास्त कळतं. टँकरची वाट पाहत घागरी मोजलेल्या आपल्या माणसांना टंचाईची ही भाषा आतून येते. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पाणी वाचवायचं की जखम धुवायची, एवढ्या एका निवडीवर पूर्ण प्रसंग उभा राहतो.

पाठलाग करणारा शत्रू १९९५ च्या ‘क्लॉक टॉवर’मधल्या कात्रीवाल्यापासून चालत आला आहे. २०१४ च्या ‘एलियन : आयसोलेशन’मध्ये त्याचं कसब फार वरचं आहे. तिथं शत्रू असलेल्या परग्रहावरच्या प्राण्यामागं दोन कृत्रिम बुद्धी काम करतात. एकीला तुम्ही कुठं आहात हे कायम ठाऊक असतं आणि ती प्राण्याला अधूनमधून तुमच्या आसपास ढकलते. खुद्द प्राण्याला मात्र पाहून, ऐकूनच शोधावं लागतं. त्यामुळं तो हुशार वाटतो पण लबाड वाटत नाही. त्याच वर्षीच्या ‘पी. टी.’मध्ये एकच बोळ पुन्हापुन्हा येतो. तो खेळताना मला आजी आठवली. ती सांगायची, चकवा लागला की माणूस रात्रभर आपल्याच शेतात गोल फिरतो, तेच बाभळीचं झाड पुन्हापुन्हा येतं. आपल्याकडं या ट्रोपला नाव आहे, नियम आहेत, उतारा आहे. लिहायला बसलेल्याला आणखी काय हवं?

विश्वासघात करणारा सोबती, कंपनीची भूमिगत प्रयोगशाळा, शेवटी सगळं उडवून देणारं उलटं घड्याळ : हे मी नवीन माणसाला सोडून द्यायला सांगते. त्यांचं काम होऊन गेलं आहे. आठवण गेलेला नायक मात्र जपून वापरला तर अजून चालतो. खेळणाऱ्याला जग माहीत नसतं आणि नायकालाही नसतं, म्हणून दोघं एका पातळीवर येतात. पण तो काय विसरला यापेक्षा त्याला विसरावंसं का वाटलं, हे सापडलं पाहिजे. २००१ च्या ‘सायलेंट हिल २’मध्ये नायक जेम्सला मेलेल्या बायकोचं पत्र येतं आणि तो तिला शोधत गावात येतो. तिथले राक्षस त्याच्याच मनातून आलेले असतात. २००८ च्या ‘डेड स्पेस’मध्ये तर बारा प्रकरणांच्या नावांची पहिली इंग्रजी अक्षरं जोडली की नायक जे मानायला तयार नाही, तेच वाक्य तयार होतं. सत्य पहिल्यापासून समोर होतं, हे शेवटी कळण्यात मोठा आनंद आहे.

दोन ठिकाणी मी हात आवरते आणि तुम्हीही आवरावा असं मला मनापासून वाटतं. ओसाड गाव लिहायचं म्हटलं की आपल्याकडच्या मुलांना किल्लारी सुचतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथं हजारो माणसं गेली आणि त्यांचे आईबाप, लेकरं आजही आपल्यात आहेत. त्या ढिगाऱ्यांवर राक्षस सोडू नका. गाव रिकामं व्हायला दुसरी कारणं आहेत. बीडकडं दिवाळी झाली की ऊसतोडीला तांडेच्या तांडे निघतात, मागं म्हातारी माणसं आणि काही लेकरं राहतात, दारांना कड्या, अंगणात जनावर नाही. ते रिकामपण कष्टातून आलेलं आहे, तसंच लिहा.

दुसरी गोष्ट भानामतीची. मराठवाड्यात तिच्या नावाखाली बायकांना मारहाण झाली, गावाबाहेर काढलं गेलं. २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या यादीत भानामती आहे. एकटी म्हातारी बाई म्हणजे चेटकीण, हा ट्रोप आपण वापरला तर तोच आरोप गेममधून पुन्हा करतो. तिच्यावर आळ घेणारा जमाव मला जास्त भयानक वाटतो. शत्रू हवाच असेल तर त्याला घ्या.

कामाच्या व्यवहाराचं थोडक्यात. ट्वाइन हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फाटे फुटणारी कथा एका दिवसात मांडता येते. इंक ही गेमचे संवाद लिहायची स्क्रिप्ट-भाषाही २०१६ पासून खुली आहे, ती जरूर शिका. स्टुडिओत तुमचं लिखाण बहुतेक वेळा तक्त्यात जातं : ओळीचा क्रमांक, पात्र, वाक्य, संदर्भ. संदर्भाचा रकाना रिकामा सोडू नका, कारण भाषांतर करणारा आणि आवाज देणारा त्याच्यावरच चालतात. मराठीत गेम करणार असाल तर युनिटीत, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, अक्षरं पहिल्याच दिवशी तपासा. आमच्या एका प्रकल्पात ‘किल्ली’ची पहिली वेलांटी ‘क’च्या पुढं जाऊन बसली होती आणि जोडाक्षरं सुटी पडली होती. ते नीट करण्यात तीन आठवडे गेले.

नमुना पाठवताना कादंबरी पाठवू नका. एक सापडलेला कागद, एका खोलीचं वर्णन आणि तीन फाट्यांचा एक संवाद, एवढं पुरे. चाचणी म्हणून दोन-तीन पानं मागितली तर द्या. एका ठिकाणी माझ्याकडून चाचणीच्या नावाखाली वीस पानं लिहून घेतली आणि पुढं उत्तरही आलं नाही. आता कोणी जास्त मागितलं तर मी मानधन आधी विचारते, तुम्हीही विचारा.

लिहून झालं की ते कोणाला तरी खेळायला द्या आणि मागं गप्प बसा. सांगू नका, सुचवू नका. तो कुठं थांबतो, कोणता कागद अर्धा वाचून बंद करतो, वळायच्या आधी कुठं श्वास रोखतो, एवढं वेळेसकट लिहून घ्या. पाणी सोडणाऱ्याच्या नोंदवहीवर जालन्याचा एक मुलगा आला तेव्हा तो शुक्रवारपर्यंत वाचून पुन्हा बुधवारवर गेला. त्यानंतर गेममधली पाण्याची बाटली प्यायला तो तयार होईना, जीव कमी असूनही. मी वहीत लिहिलं : २३ वा मिनिट, बाटली परत ठेवली.