घोड्याची मान लगाम ओढून खाली आणू नये

रपेटीत डोके वर झुगारणारा किंवा मानेचा सगळा भार स्वाराच्या हातावर टाकणारा घोडा लगाम खेचल्याने सुधारत नाही. उलट ओढीला ओढीनेच उत्तर द्यायला शिकतो.

त्याऐवजी सुमारे 20 मीटर व्यासाच्या वर्तुळावर त्याला साध्या चालीने न्यावे. लगामाच्या दोन्ही वाद्यांतून तोंडातल्या कडियाळ्याशी (लगामाला जोडलेल्या धातूच्या दांडीशी) हलका पण सलग स्पर्श राखावा, बाहेरचा हात स्थिर ठेवावा आणि आतल्या पोटरीने हलका दाब देत आतली वादी, ओला फडका हळूच पिळावा तशी, फक्त बोटांनी आवळून सोडावी. घोड्याने क्षणभर जरी जबडा सैल करून मान पुढे लांबवली, तरी त्याच क्षणी बोटे ढिली करावीत. ही ढील हेच त्याचे बक्षीस असते आणि ती दोन पावले उशिरा मिळाली, तर कशाबद्दल मिळाली हे त्याला उमगत नाही. कडियाळे चघळल्याचा बारीक आवाज आणि ओठांच्या कडेचा थोडा पांढरा फेस ही चांगली खूण आहे. सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत. दुडकी चाल नंतर.

दोन कानांमागचा भाग सर्वांत उंच आणि नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढे असावे. हनुवटी छातीकडे वळली, तर मान कितीही डौलदार दिसो, घोडा कडियाळे चुकवतो आहे असे समजावे.

डोके झुगारण्याची खोड एकाएकी लागली असेल, तर शिकवणे थांबवून आधी पशुवैद्याकडून दात आणि जाणकाराकडून खोगीर तपासून घ्यावे.