महाशक्तिमान खलनायकासमोर साधी पोर उभी करताना

गोष्ट लिहायला बसलात की आधी खलनायकाची ताकद ठरवा, नायक मागाहून. सुट्टीतल्या कथालेखनाच्या वर्गात मी मुलांना हाच क्रम देते. मुलं उलटं करतात: आधी नायक रंगवतात आणि शेवटी तो अडकला की त्याच्याही अंगात वीज संचारते. तिथेच गोष्ट मेली. साध्या पोराला शक्ती द्यायची नाही म्हणजे नाही.

ताकदीला अटी हव्यात. हिरण्यकशिपूचा वर आठवा: माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, शस्त्राने तर नाहीच. मग तिन्हीसांजेची वेळ, उंबरठा आणि नखं! वर मोडला नाही, त्याच्या फटीतून वाट काढली. रावणाने देव-दानवांपासून अभय मागितलं, पण माणसाला खिजगणतीतही धरलं नाही. जुलमी ज्याला मोजत नाही, त्यालाच नायक करा.

मग तो नायक दिवसभर काय काम करतो ते लिहा, कारण फट त्या कामातूनच सापडायला हवी. समजा, तालुक्यात कुणी कुजबुजलं तरी 'सरकारां'ना ऐकू येतं आणि बोलणाऱ्याला रात्रीत उचलतात. नायिका पिठाच्या गिरणीत डबे सांभाळणारी चौदा वर्षांची मुलगी. धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे हातांनी बोलणं तिच्या अंगवळणी पडलेलं. दळण आणणाऱ्या बायकांना ती एकेक खूण शिकवते. पट्टा धडधडत असतो. सांडलेल्या पिठात ती बोटाने वेळ लिहिते, समोरची मान हलवते, लगेच तळहाताने पीठ सारखं. या पीठ पुसण्याला खुशाल अर्धं पान द्या. हात थरथरला का, एखादा आकडा उरला का, तेवढ्यात दारात कोण आलं?

मारामारी चार ओळींत उरका. त्यापेक्षा सरकारांना खबर पुरवणारे कोण, ते लिहा. कुणाला पोराची नोकरी हवी असते, कुणाला विहिरीचं पाणी. जुलूम अशाच माणसांच्या जिवावर चालतो, आणि मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर उमगतं असं मला दरवर्षी दिसतं.

शेवट झाला की तपासा: नायिकेच्या जागी गावातली दुसरी कुणी असती, तरी असंच घडलं असतं का? उत्तर हो आलं, तर गिरणीचा प्रसंग पुन्हा लिहायला घ्या.